'आपलं' कॉलेज आणि खेळणाऱ्या मुली

(आमच्या गटाच्या वार्षिक अभ्यासवर्गातलं भाषण. चर्चेत निघालेले दोन मुद्दे मागाहून घातले आहेत; बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



सत्रांचा कागद वाचून सकाळी चहाच्या वेळी दोघीतिघींनी मला विचारलं, "अमेरिकेतल्या काळ्या खेळाडूंनी कुठल्या कॉलेजात जावं, याच्याशी आपला काय संबंध गं?" विचारणं रास्त आहे. मी काही खेळातली जाणकार नाही. शाळेत लंगडीच्या पुढे माझी मजल गेली नाही. पण २०२४ साली बहिणीच्या बाळंतपणासाठी चार महिने नॅशव्हिलला राहिले. दुपारी बाळ-बाळंतीण झोपले की पाय मोकळे करायला बाहेर पडायचे, आणि त्या भटकण्यातून हा विषय माझ्या मागे लागला.

एका शब्दाबद्दल आधीच सांगते. मी 'कृष्णवर्णीय' म्हणणार नाही, 'काळ्या' म्हणणार आहे. त्या स्वतःला तसंच म्हणवतात, मान वर करून. आपल्याकडे 'दलित' या शब्दाचं जे झालं, तसंच काहीसं.

नॅशव्हिलमध्ये जेफरसन स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. एके काळी काळ्या वस्तीचा हा गजबजलेला रस्ता होता, दुकानं होती, गाण्याबजावण्याचे क्लब होते. १९६०च्या दशकाच्या अखेरीस वस्तीच्या मधोमध महामार्ग घातला आणि घरंदारं उठली. विस्थापितांमध्ये काम करणाऱ्या मैत्रिणींना पुढचं सांगायला नको. या रस्त्याच्या अंगाने, चालत जाता येईल एवढ्या अंतरात, दोन विद्यापीठं आहेत. एक फिस्क, खाजगी आणि लहान. दुसरं टेनेसी स्टेट, सरकारी, १९१२ साली सुरू झालेलं. दोन्ही काळ्यांच्या शिक्षणासाठी स्थापन झालेली. अशी कॉलेजं अमेरिकेत आज शंभराच्या आसपास आहेत. १९६४ सालापूर्वी, म्हणजे गोऱ्यांच्या कॉलेजांची दारं कायद्याने किंवा रिवाजाने बंद होती त्या काळात, उभी राहिलेली. फिस्क १८६६ साली लष्कराच्या सोडलेल्या बराकींमध्ये सुरू झालं, गुलामगिरी उठवण्याच्या चळवळीतल्या लोकांनी सुरू केलं. त्यानंतर सात वर्षांनी जोतीरावांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक त्याच चळवळीतल्या अमेरिकन लोकांना अर्पण केलं. आणि १९४६ साली बाबासाहेबांनी ज्या डु बॉइस यांना पत्र लिहिलं, ते याच फिस्कचे पदवीधर. तेव्हा संबंध अगदीच नाही असं नाही.

आता मुद्द्याकडे येते. अमेरिकेत कॉलेजातला खेळ हा मोठा धंदा आहे. सतरा-अठरा वर्षांचा एखादा काळा मुलगा किंवा मुलगी खेळात चमकली की मोठमोठी, मुख्यतः गोऱ्यांची विद्यापीठं तिच्या दारात येतात. सगळी फी माफ, चांगले प्रशिक्षक, टीव्हीवर सामने, आणि २०२१ सालापासून जाहिरातींचे पैसेही. अशा वेळी समाजातून एक प्रश्न येतो: आपली माणसं, आपली कॉलेजं सोडून तू त्यांच्याकडे का जातेस? प्रश्न प्रेमाचा असतो आणि त्यात टोचणीही असते. मला बोलायचंय ते या प्रश्नाबद्दल. तो कोणाला विचारला जातो, याबद्दल.

थोडा इतिहास बघू, कारण तो बायकांचा इतिहास आहे आणि सांगितला जातो कमी. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात गोऱ्यांच्या कॉलेजांतल्या शारीरिक शिक्षणाच्या बाईच म्हणायच्या की मुलींनी चुरशीच्या शर्यती पळणं बरं नाही. शरीराला झेपत नाही, शिवाय बाईपणाला शोभत नाही. काळ्या मुलींच्या आया-आज्या कापसाच्या शेतात दिवसभर राबलेल्या. त्यांच्या नाजूकपणाची काळजी कोणी कधी केली नव्हती. त्यामुळे म्हणा, काळ्या कॉलेजांनी मुलींना मैदानावर आणलं. अलाबामातल्या टस्कीगी संस्थेने १९२९ सालापासून मुलींचा धावण्या-उड्यांचा संघ बांधला. तिथे तयार झालेली ॲलिस कोचमन १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये उंच उडीत पहिली आली. ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवणारी ती पहिली काळी स्त्री. तेव्हा ती आपल्या गावच्या, ऑल्बनीच्या, काळ्यांच्या कॉलेजात शिकत होती. गावात सत्कार झाला. सभागृहात गोरे एकीकडे, काळे दुसरीकडे. महापौर व्यासपीठावर होते, पण त्यांनी तिच्याशी हस्तांदोलन केलं नाही.

मग टेनेसी स्टेट. १९५० साली एड टेम्पल नावाच्या तरुणाकडे तिथल्या मुलींचा संघ आला. शिवाय कॉलेजचं पोस्ट ऑफिसही त्यालाच सांभाळायचं होतं. मातीचा ट्रॅक. दौऱ्यावर गाडी तो स्वतः चालवायचा. वाटेतली हॉटेलं काळ्यांना वाढायची नाहीत म्हणून डबे बांधून न्यायचे. मुलींना आजच्यासारखी शिष्यवृत्ती नव्हती, रोज दोन तास कॉलेजात काम करायचं आणि त्यातून फी फेडायची. या संघाला 'टायगरबेल्स' म्हणत. १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये विल्मा रुडॉल्फने तीन सुवर्णपदकं घेतली. त्यातल्या चार बाय शंभरच्या रिले संघातल्या चौघीही टेनेसी स्टेटच्या. वायोमिया टायसने १९६४ आणि १९६८ अशी लागोपाठ दोनदा शंभर मीटरची शर्यत जिंकली. तोवर ते कोणा पुरुषालाही जमलं नव्हतं. टेम्पलच्या हाताखालच्या चाळीस जणी ऑलिंपिकला गेल्या आणि एक सोडून सगळ्या पदवीधर झाल्या. मला यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात मोठं वाटतं.

पण टेम्पलसरांची आरती ओवाळायला मी उभी नाही. त्यांची शिस्त म्हणजे आपल्या वसतिगृहांच्या अधीक्षिकांना लाजवेल अशी. मुलींनी कोणाच्या मोटारीत बसायचं नाही. शर्यत जिंकल्यावर फोटोवाल्यांसमोर जाताना केस-चेहरा नीटनेटका हवा. तुम्ही आधी सभ्य मुली, मग धावपटू, हे सतत ऐकवायचं. काळ्या धावपटू बायकांना वर्तमानपत्रं पुरुषी म्हणून हिणवत, त्यावरचा तो तोडगा होता हे समजतं, तरी तोडगा मुलींच्याच अंगावर चढवलेला. आणि याच माणसाचा नियम होता की मूल असलेल्या मुलीला संघात घ्यायचं नाही. विल्माला १९५८ साली, शाळा संपताना, मुलगी झाली. टेम्पलने नियम बाजूला ठेवला, तिच्या घरच्यांनी बाळ सांभाळलं आणि दोन वर्षांनी ती रोमला पळाली. मला नेहमी वाटतं, परक्यांच्या विद्यापीठात त्या काळात तिच्यासाठी कोणी नियम बाजूला ठेवला असता का? 'आपलं' म्हणण्यात हेही येतं. जाच आणि माया एकाच हाताने.

रोमहून परत आल्यावर तिच्या क्लार्क्सव्हिल गावाने मिरवणूक काढायचं ठरवलं. तिने अट घातली की काळे-गोरे एकत्र असतील तरच मी येईन. वीस वर्षांची मुलगी. गावातला तसा तो पहिलाच कार्यक्रम झाला.

आता गंमत बघा. खरं तर गंमत नाही. १९७२ साली अमेरिकेत स्त्री-चळवळीच्या रेट्यातून एक कायदा झाला, 'टायटल नाइन' म्हणतात त्याला. सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलगी म्हणून कोणाला डावलता येणार नाही. कायदा चांगलाच होता. त्याने मोठ्या विद्यापीठांना मुलींच्या खेळावर खर्च करणं भाग पडलं, शिष्यवृत्त्या आल्या. पण ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनीच तो खर्च केला. जी टेनेसी स्टेट वीस वर्षं एकटी काळ्या मुलींना पळायला शिकवत होती, तिच्या तोंडचा घास गेला. मुलींना आता बाहेर पूर्ण शिष्यवृत्ती मिळत होती, त्या गेल्या. टायगरबेल्सची शेवटची मोठी नावं १९८४ सालच्या ऑलिंपिकपाशी थांबतात. चळवळीने मिळवलेला कायदा कोणाच्या पदरात किती पडतो, हे कायदा करताना कोणी मोजलं होतं? आपणही आपले कायदे करून घेताना हे मोजतोच असं नाही.

आणि काही मुलींना तर निवड करायची वेळच आली नाही. ल्युसिया हॅरिसची गोष्ट सांगते. मिसिसिपीतल्या कापूस पिकवणाऱ्या वाटेकरी कुटुंबातली, सहा फुटांहून उंच मुलगी. तिला जायचं होतं अल्कॉर्न स्टेटला, काळ्यांच्या कॉलेजात. पण १९७३ साली अल्कॉर्नमध्ये मुलींचा बास्केटबॉल संघच नव्हता! मुलांचा होता. मग ती डेल्टा स्टेट या गोऱ्यांच्या विद्यापीठात गेली आणि त्यांना १९७५, ७६, ७७ अशी सलग तीन वर्षं राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं. १९७६च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये बायकांचा बास्केटबॉल पहिल्यांदा खेळला गेला, त्यातली पहिली बास्केट हिची. तिच्यावरच्या लघुपटाला २०२२ साली ऑस्कर मिळालं. त्याच वर्षी जानेवारीत ती वारली, ऑस्कर बघायला राहिली नाही. संघात ती एकटीच काळी. आता तिला कोणी विचारलं असतं की बाई, तू आपल्यांना सोडून का गेलीस, तर तिने काय सांगावं? 'आपल्यांनी' मुलांसाठी संघ काढला होता, मुलींसाठी नव्हता. वंशाचा हिशोब मांडताना आपल्याच घरातला पुरुषांचा वाटा कसा आपोआप आधी लागतो, हे आपल्याला परकं नाही.

पेनसिल्व्हेनियातल्या चेनी स्टेटचंही सांगायला हवं. या कॉलेजांमधलं हे सर्वांत जुनं, १८३७ सालचं. व्हिव्हियन स्ट्रिंगर या काळ्या प्रशिक्षिकेने तिथला मुलींचा संघ १९८२ साली, राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्याच वर्षी, अंतिम सामन्यापर्यंत नेला. काळ्यांच्या कॉलेजाचा मुलींचा संघ तिथवर पुन्हा कधीच पोचला नाही. पुढच्याच वर्षी स्ट्रिंगरबाई आयोवाच्या मोठ्या विद्यापीठात गेल्या. मुली जातात, तशा शिकवणाऱ्या बायकाही जातात. २०१८ साली चेनीने पैशाअभावी राष्ट्रीय पातळीवरच्या स्पर्धा सोडल्या.

पैशाचा विषय निघालाय तर एक आकडा सांगते. २०२३ साली केंद्र सरकारच्या शिक्षण आणि शेती खात्यांच्या मंत्र्यांनी सोळा राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रं लिहिली: तुमच्या राज्यातल्या गोऱ्यांच्या शेतकी विद्यापीठाला जेवढं दिलंत, तेवढं काळ्यांच्याला दिलं नाही. सगळी मिळून तूट १२०० कोटी डॉलरच्या वर. सर्वांत मोठी तूट टेनेसी स्टेटची, सुमारे तीस वर्षांत २१० कोटी डॉलर. म्हणजे जेफरसन स्ट्रीटच्या टोकाची ती गळकी छपरं आणि वसतिगृहांची टंचाई ही कोणाच्या नालायकीतून आलेली नाही. त्यातून पुन्हा २०२५ सालापासून मोठी विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, वर्षाला दोन कोटी डॉलरच्या थोडं वरपर्यंत. त्यातला मोठा वाटा पुरुषांच्या फुटबॉल-बास्केटबॉलला जातो. लहान कॉलेज तिथे काय देणार?

पुरुषांच्या बाबतीत हा वाद बराच गाजला, म्हणून थोडक्यात उरकते. २०१९ साली जेमेल हिल या पत्रकार बाईने लिहिलं की काळ्या खेळाडूंनी गोऱ्यांच्या विद्यापीठांना श्रीमंत करणं सोडावं, आपल्या कॉलेजांकडे यावं. २०२०च्या उन्हाळ्यात, जॉर्ज फ्लॉइडच्या खुनानंतर, ही हाक मोठी झाली. मकुर मेकर हा नावाजलेला बास्केटबॉलपटू हॉवर्डला आला, पण करोनामुळे दोनच सामने खेळून मोसम संपला. २०२१ साली देशातला पहिल्या क्रमांकाचा फुटबॉलपटू ट्रॅव्हिस हंटर जॅक्सन स्टेटला गेला, कारण तिथे डिऑन सँडर्स प्रशिक्षक होता. वर्षभराने सँडर्स कोलोराडोच्या मोठ्या विद्यापीठात गेला, मुलगाही त्याच्या मागोमाग. प्रशिक्षक गेला तेव्हा चार दिवस टीका झाली. पण ज्या तऱ्हेने 'फितुरी' हा शब्द पोराच्या वाटेला येतो, तसा नोकरी बदलणाऱ्या प्रौढ माणसाच्या वाटेला फार काळ राहत नाही.

इथे मला स्वतःचं एक सांगायचंय. समाजकार्याची पदवी घेतल्यावर पहिली नोकरी मी मुलींच्या एका वसतिगृहात केली. आमच्याकडे एक मुलगी लांब पल्ल्याची शर्यत सुरेख पळायची. तिची शहरातल्या क्रीडा प्रबोधिनीत निवड झाली. आम्ही सगळ्याच नाराज झालो. तिला समोर बसवून मी म्हणाले, "संस्थेने तुझ्यासाठी एवढं केलं, आणि तू आता आपली माणसं सोडून चाललीस?" ती काही बोलली नाही. तिच्या पायात तेव्हा माझे जुने कॅनव्हासचे बूट होते, पुढे कापूस भरलेले, कारण आमच्या अंदाजपत्रकात धावायच्या बुटांचा रकाना नव्हता. तो रकाना घाला, असं मी कार्यकारिणीला एकदाही म्हणाले नव्हते. जे विचारायचं ते त्या पंधरा वर्षांच्या मुलीलाच विचारलं. नॅशव्हिलमध्ये वाचत असताना हे मला फार टोचलं.

चर्चेत स्पेलमनचा प्रश्न आला होता, म्हणून ते घेते. अटलांटातलं हे काळ्या मुलींचं कॉलेज, १८८१ सालचं. २०१२ साली अध्यक्ष बेव्हर्ली डॅनियल टेटम यांनी जाहीर केलं की आम्ही आंतरमहाविद्यालयीन खेळ बंद करणार. विद्यार्थिनी सुमारे २१००, संघांत खेळणाऱ्या ऐंशीच्या आत, आणि खर्च वर्षाला दहा लाख डॉलरच्या जवळ. तोच पैसा सगळ्यांच्या व्यायामाला, पोहायला, योगासनांना वापरायचा, कारण काळ्या बायकांमध्ये रक्तदाब आणि मधुमेह फार. मी कार्यकर्ती म्हणून टाळ्या वाजवते. आरोग्याचं काम करणाऱ्या मैत्रिणी तर वाजवतीलच. पण त्या ऐंशीजणींतली एखादी उद्याची विल्मा असली तर? तिला 'आपल्या' मुलींच्या कॉलेजातून मोठ्या विद्यापीठाची वाट धरावी लागणार. मला याचं उत्तर देता येत नाही, पण टेटमबाईंनी निदान निर्णय उघडपणे, कारणं देऊन, संस्थेच्या नावावर घेतला. कोणा मुलीच्या निष्ठेवर ढकलला नाही.

आणि आता फिस्क. जिम्नॅस्टिक्स हा अमेरिकेत गोऱ्या, पैसेवाल्या घरांचा खेळ. काळ्यांच्या कुठल्याही कॉलेजात मुलींचा जिम्नॅस्टिक्स संघ नव्हता. फिस्कने तो काढला. प्रशिक्षिका कॉरिन टार्व्हर. १९८९ साली कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेत सर्वांगीण विजेती ठरलेली ती पहिली काळी मुलगी. जानेवारी २०२३ मध्ये संघ पहिल्यांदा स्पर्धेत उतरला. मॉर्गन प्राइस नावाच्या मुलीचं आर्कन्सॉच्या मोठ्या विद्यापीठात जायचं ठरलं होतं. तिने ते रद्द केलं आणि फिस्कला आली. तिथे जिम्नॅस्टिक्सची स्वतःची जागाही नव्हती, मुली शहरातल्या एका क्लबात सराव करायच्या. २०२४ साली ती एका राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेत सर्वांगीण विजेती झाली, काळ्यांच्या कॉलेजातून आलेली पहिली. २०२५ साली तिला पूर्ण १० गुण मिळाले, तेही त्या कॉलेजांत पहिल्यांदाच. जे जे मागितलं जातं ते सगळं या मुलीने दिलं होतं.

मग २०२५ सालीच ती शेवटच्या वर्षासाठी आर्कन्सॉला गेली. आणि त्याच वर्षी जुलैमध्ये फिस्कने जाहीर केलं की २०२६च्या मोसमानंतर जिम्नॅस्टिक्सचा संघ बंद. कारण दिलं की आमच्या गटातली बाकीची कॉलेजं हा खेळ खेळत नाहीत, सामने ठरवणं आणि मुली मिळवणं जड जातं. टालाडेगा नावाच्या अशाच एका कॉलेजाने तर एकाच मोसमानंतर, २०२४ साली, आपला संघ गुंडाळला होता.

बहिणीने मला फोनवर ही बातमी सांगितली. ती म्हणाली, "बघ, तीही गेलीच शेवटी." मी तिला म्हटलं, अगं, संघ बंद कोणी केला? दोघी थोडा वेळ गप्प बसलो. मग मी विचार करत राहिले त्या संघातल्या बाकीच्या मुलींचा, ज्यांची नावं कोणी छापत नाही. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुली. त्यांची पदवी व्हायची होती आणि संघ आधी संपणार होता. त्यांच्यापुढे पुन्हा तेच येऊन उभं राहिलं: इथेच शिकायचं आणि खेळ सोडायचा, की खेळ ठेवायचा आणि फिस्क सोडायचं.